धाकट्याच्या नावापुढची हिरवी खूण

४ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी बजावलं आहे की जे जे कराल ते तारखेसकट वहीत लिहा, म्हणजे बिघडलं की माझ्याकडे धावत यायला नको. म्हणून ही वही. एरवी गिऱ्हाइकांच्या पायांच्या मापांपलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

तर आज सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे काहीतरी अवाढव्य असणार असं मी धरून चाललो होतो. निघाला काय, तर आमचाच जुना कॉम्प्युटर. बाईंनी त्यातलं सगळं पुसलं, नवं भरलं आणि शिवणयंत्राशेजारच्या फळीवर त्याला बसवून टाकला. त्याला आता पडदा नाही, टायपायची बटणं नाहीत. नुसतं कोपऱ्यात घूं घूं करत बसायचं. त्याच्या पोटात जी फाइल जाईल ती माझ्या इथल्या कॉम्प्युटरवर आणि धाकट्याच्या तिथल्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणार. इकडे बदललं की तिकडे बदलणार. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जाणार, हे मात्र बाईंनी दोनदा सांगितलं.

धाकटा म्हणजे माझा धाकटा भाऊ. अधू पायांचे बूट करणं हा आमचा धंदा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं गेलेली, कुणाची टाच वळलेली. मी कागदावर पाऊल ठेवायला लावून भोवती पेन्सिलीने रेघ ओढतो. त्या रेघेवरून चामडं कसं कापायचं, उंची कुठे किती द्यायची, त्याचा पॅटर्न धाकटा काढतो. मग कापणं, शिवणं परत माझं. दोन्हीकडचे हात माझे आणि मधलं डोकं त्याचं, असं सत्तावीस वर्षं एका खोलीत चाललं. जानेवारीत त्याच्या बायकोची बदली झाली आणि बिऱ्हाड साडेसहा तासांच्या वाटेवर गेलं. मी त्याला म्हणालो, माणूस लांब गेला म्हणून काम थोडंच तुटतं, तू तिथे बसून पॅटर्न काढ. तो काही बोलला नाही. म्हणजे ठरलंच.

बाई म्हणत होत्या, काका, एवढा खटाटोप कशाला, मोठ्या कंपन्या फुकट जागा देतात, त्यांच्याकडे ठेवा फाइली. मी नको म्हणालो. आमच्या वडिलांचा नियम होता की गिऱ्हाइकाचा पाय परक्याच्या कपाटात ठेवायचा नाही. माणूस तोंड दाखवतो चारचौघांत, पण अधू पाऊल फक्त आम्हाला दाखवतो. बाईंना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी पुढची वायर उचलली.

पाठ दुखते आहे. फळीखाली वाकून वायरी लावण्याचं हे वय नाही.

६ मार्च, बुधवार

बाहेरून आत यायला राउटरमध्ये एक दार उघडावं लागतं म्हणे. ते बाईंनी उघडलं. दोन खाती केली. एकाचं नाव ‘मोठा’, एकाचं ‘धाकटा’. पासवर्डात नाव नको, वाढदिवस नको असं त्या म्हणाल्या. मी आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांची मापं घातली, आधी डावा, मग उजवा. बाई म्हणाल्या, हे जगात कुणाला ओळखता येणार नाही. मी म्हणालो, धाकट्याला येईल.

मग कपाटातले पायांचे कागद एकेक करून स्कॅन करायला घेतले. दिवसाला वीस होतात, त्याहून जास्त केले की डोळ्यांपुढे पावलंच पावलं. प्रत्येक फाइल आत गेली की तिच्यापुढे हिरवी बरोबरची खूण येते. ती दिसली की समजायचं, दोन्हीकडे सगळं जुळलं. शाळेत असताना माझ्या वहीत अशा खुणा कधी आल्या नव्हत्या.

ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "भाऊजींना विचारलंत का?"

म्हटलं, काय विचारायचं, त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं.

९ मार्च, शनिवार

नाकी नऊ आले. सकाळी अकराला फोनवरून धाकट्याला जोडून द्यायला बसलो. बाईंनी कागदावर पायऱ्या लिहून दिल्या होत्या, एक ते सात. प्रोग्रॅम उतरव, पत्ता टाक, खात्याचं नाव टाक, असं. चौथ्या पायरीला तो म्हणाला, "दादा, इथे विचारतंय, या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का?"

म्हटलं, "ठेव."

"ओळखीचा नाही, धोका असू शकतो, असं लिहिलंय."

"अरे, सख्ख्या भावाचा आहे. ठेव विश्वास आणि पुढे चल."

मग तो बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिला. फोनमध्ये त्याचा आवाज घुमत होता आणि मागे धबाधब पाणी पडत होतं. मधेच शिट्टी. म्हटलं, नळ फुटलाय का घरात? म्हणाला, टीव्ही आहे. मी म्हणालो, बंद कर आधी तो, लक्ष कुठे आहे तुझं. त्यावर तो हसल्यासारखा झाला आणि मग म्हणाला, "नाही होत रे कनेक्ट. चाक फिरतंय नुसतं."

पत्ता परत वाचून दाखवला. एकेक अक्षर, एकेक टिंब. तरी तेच. शेवटी म्हणाला, संध्याकाळी बघतो.

१२ मार्च, मंगळवार

संध्याकाळी त्याने बघितलं नाही. रविवारीही नाही. काल फोन केला तर म्हणाला, पत्ताच सापडत नाही असं येतंय.

बाईंकडे गेलो. त्यांनी एका जागी बसून माझ्यासमोर त्यांच्या फोनवरून पत्ता टाकला आणि आमचा सर्व्हर लागला. ‘तुमचं बरोबर आहे काका,’ म्हणाल्या. मग त्यांच्याकडेही चूक असू शकते म्हणून मी आग्रह केला, तेव्हा त्यांनी पत्ता बदलून आणखी सोपा करून दिला. तो धाकट्याला कळवला. बरं म्हणाला.

१५ मार्च, शुक्रवार

शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. मुलांना शिकवतात, दोन नव्याकोऱ्या काठ्या घेऊन जिना चढून आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, डावा पाय दोन इंचांनी आखूड राहिला. पंधरा एप्रिलला वर्गावर रुजू व्हायचं आहे. दवाखान्याने तात्पुरता म्हणून एका साध्या बुटाखाली लाकडाचा ठोकळा लावून दिला आहे. चालताना तो ठोकळा आधी येतो आणि बाई मागून येतात.

म्हणाल्या, "बसून शिकवलं तर मुलं ऐकत नाहीत हो. मला फळ्यापाशी उभं राहता आलं पाहिजे."

मी माप घेतलं. त्यांना पायमोजा काढायला वेळ लागला, तेवढ्या वेळात मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हे आम्ही दोघंही नेहमी करतो, वडिलांपासून. रेघ ओढताना डाव्या टाचेपाशी पेन्सिल अडखळली, कारण बाई त्या बाजूवर भार टाकतच नव्हत्या. धाकटा असता तर त्याने त्यांना चार पावलं चालायला लावलं असतं आणि मागे उभा राहून नुसतं पाहिलं असतं. त्याला चाल बघून कळतं. मला नाही कळत, मला फक्त रेघ कळते.

पंधरा एप्रिलच्या आत देतो म्हणून शब्द दिला. कागद लगेच स्कॅन केला. हिरवी खूण आली. फोन करून धाकट्याला सांगितलं, बाईंचा पाय टाकलाय, एवढं एक आधी कर.

"हो दादा," म्हणाला. "कनेक्ट झालं की करतो."

१८ मार्च, सोमवार

आता पासवर्ड घेत नाही म्हणे. अरे, तुला तोंडपाठ असलेल्या पायांची मापं आहेत ती, म्हटलं. म्हणाला, डावा आधी की उजवा आधी, विसरलो. सत्तावीस वर्षांत आम्ही कधी उजवा आधी लिहिलेला नाही. पण माणूस नव्या जागी गोंधळतो.

मागे परत ती शिट्टी आणि पोरांचा कालवा. कामाच्या वेळी मॅच बघतोस का, विचारलं. नाही म्हणाला, आणि घाईने फोन ठेवला.

कॉम्प्युटरवाल्या बाईंनी पासवर्ड बदलून दिला. त्यांनी तिखट नजरेने पाहिलं, पण माझ्याकडे नाही, त्या फळीवरच्या डब्याकडे.

२१ मार्च, गुरुवार

इंटरनेट हळू आहे, असं त्याचं म्हणणं. फाइली उघडतच नाहीत. कॉम्प्युटरवाल्या बाईंना विचारून फाइली हलक्या केल्या, रंग काढून नुसती रेघ ठेवली. दोन दिवस गेले त्यात. आता एखादं कासवसुद्धा ओढून नेईल इतक्या हलक्या आहेत.

दुपारी हिच्याशी वाद झाला. मी म्हणत होतो, हा सर्व्हरच अवलक्षणी आहे, आल्यापासून एक दिवस धड नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"म्हणजे मला जमत नाही असं म्हणायचंय तुला?"

"तुमच्याबद्दल कोण बोलतंय?"

मग कुणाबद्दल, विचारलं. तिने देठं बाजूला सारली आणि म्हणाली, "पत्ता झाला, पासवर्ड झाला, आता नेट झालं. भाऊजी एक कारण सांगतात, तुम्ही एक उपाय करता. दोघांतलं आधी कोण दमतंय ते बघतेय मी."

कारण नव्हे, अडचण, असं मी तिला सुधारून सांगितलं. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळणार असं म्हणणार होतो, पण हा सर्व्हर बसवणारी बाईच आहे हे आठवलं आणि गप्प बसलो.

२६ मार्च, मंगळवार

थांबवेना, म्हणून शाळेतल्या बाईंचा पॅटर्न मीच काढायला घेतला. दोन इंच म्हणजे दोन इंच, त्यात काय, असं वाटलं. टाचेपासून बोटांपर्यंत सरळ दोन इंचांचा तळवा काढला. स्वस्त चामड्याचा एक कच्चा बूट शिवून बाईंना घालायला दिला. पहिल्याच पावलाला बूट पुढे अडकला आणि त्या माझ्या अंगावर आल्या. मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. काठी जाऊन शिवणयंत्रावर आपटली.

बाई सावरल्या. खुर्चीत बसून बूट काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे भाऊ करायचे ना हे?"

"करतात," मी म्हणालो. "अजूनही तेच करतात. जरा कनेक्शनचा घोळ आहे."

त्या गेल्यावर मला बसून राहावंसं वाटलं, ते मी संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. एकसष्टावं चालू आहे. या वयात आपण निम्मे कारागीर आहोत हे कळणं बरं नव्हे. राहिलेलं निम्मं साडेसहा तासांवर बसलंय आणि त्याचं नेट हळू आहे.

३० मार्च, शनिवार

आज काय ते कळलं. जसं झालं तसं लिहितो.

कॉम्प्युटरवाल्या बाईंना सांगितलं की आता एकदाच काय तो निकाल लावा, सगळा सर्व्हर खोलून बघा. त्या आल्या. त्यांच्या मांडीवरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी सर्व्हरच्या आतलं एक पान उघडलं. या पानाला हात लावायचा नाही असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. त्यावर दोन नावं. ‘मोठा’ आणि ‘धाकटा’. दोन्ही नावांपुढे हिरवी खूण.

म्हटलं, ही त्याच्यापुढे कशी? तो तर लागतच नाही.

बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "काका, हे बघा, इथे नोंद असते. कोण कधी आलं, काय उघडलं."

मी चष्मा काढून पुसला आणि वाचलं. धाकटा नऊ मार्चला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जोडला गेला. म्हणजे मी फोनवर टिंब टिंब सांगत होतो तेव्हाच. त्यानंतर रोज. सकाळी सव्वासातला येतो, आठच्या आत जातो. ज्या दिवशी पासवर्ड विसरलो म्हणाला, त्या दिवशीही आला होता. शाळेतल्या बाईंचा पाय त्याने चौदा वेळा उघडला आहे. एकदाही त्यावर काही काढलेलं नाही. उघडलाय, आणि मिटलाय.

"सर्व्हर चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून चांगलाच होता. मला शंका होती, पण म्हटलं घरातला मामला आहे." जाताना त्यांनी चहा घेतला नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर मी याच्यासाठी फळीखाली रांगतोय आणि हा तिकडून बघत बसतो? खोटं बोलायचंच होतं तर एकदाच बोलायचं, मला रोज नवं शिकायला कशाला लावलं?

३१ मार्च, रविवार

हिला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही, याचा मला जास्त राग आला.

"तुला माहीत होतं?"

"जाऊबाईंनी काही सांगितलं नाही. पण कळतंच की."

"मग त्याने सरळ सांगायचं. मी काय वाघ आहे?"

ती म्हणाली, "नाही म्हणायला तुम्ही त्यांना जागा कधी ठेवलीत? मामंजी गेले त्याच आठवड्यात तुम्ही त्यांच्या हातात पट्टी-पेन्सिल दिलीत. बावीस वर्षांचे होते. तेव्हाही ते काही बोलले नव्हते. तुम्ही म्हणालात, ठरलं."

मी म्हणालो, तेव्हा कपाटात पन्नास माणसांचे पाय अडकून पडले होते, कुणीतरी करायलाच हवं होतं. आणि त्याला ते यायचं. देवाने दिलेली नजर होती त्याला. मी काय वाईट केलं?

"वाईट कोण म्हणतंय?" ही म्हणाली, आणि धुणं वाळत घालायला गेली.

दिवसभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. सत्तावीस वर्षं तो डबा उघडून माझ्यासमोर जेवला. एकदा तरी म्हणाला असेल का? मला आठवेना. मुळात मी ऐकत होतो का, तेही आठवेना.

२ एप्रिल, मंगळवार

आज फोन केला. चांगला खडसवायचा असं ठरवून केला होता. समोर सर्व्हरच्या आतलं ते पान उघडून ठेवलं होतं, आता ते मला उघडता येतं. त्याच्या नावापुढे हिरवी खूण होती. मी "हॅलो" म्हणायच्या आत तोच म्हणाला, "दादा, कालपासून परत कनेक्ट होत नाहीये बघ."

आवाज इतका दमलेला होता. मला वाटलं होतं, दमलोय तो मी एकटाच.

आणि काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "हो. बंदच पडलाय तो. इकडूनच."

"म्हणजे?"

"जळला. बाई म्हणतात दुरुस्त होणार नाही. आता काही लागायचं नाही तुला. तू सोड ते."

मागे पाण्याचा आवाज येत होता. मग त्याने श्वास सोडला, लांब, आणि तो मला साडेसहा तासांवरून स्वच्छ ऐकू आला. त्याने ‘अरेरे’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मग तू कसं करशील?" त्याने विचारलं.

"करीन. माझे हात काही जळलेले नाहीत."

फोन ठेवल्यावर आधी हलकं वाटलं, आपण मोठ्या मनाचं काहीतरी केलं असं. मग अर्ध्या तासात वाईट वाटायला लागलं, ते अजून वाटतंय. एका शब्दाने तरी त्याने थांबवायला हवं होतं. नाही, नको होतं. काय ते मलाच समजत नाही.

शाळेतल्या बाईंना कळवायला हवं, तारीख पाळता येणार नाही म्हणून. उद्या कळवतो.

३ एप्रिल, बुधवार

कळवलं नाही.

४ एप्रिल, गुरुवार

सकाळी सवयीने कॉम्प्युटर लावला. शाळेतल्या बाईंच्या पायाशेजारी दोन नव्या फाइली होत्या, दोन्हींपुढे हिरवी खूण.

पहिली, त्यांचा पॅटर्न. पुरा. वरचं चामडं, अस्तर, तळव्याचे चार थर, प्रत्येकावर उंची लिहिलेली. मी उभा राहूनच बघितला. इतका साफ पॅटर्न त्याने इथे असतानाही काढला नसेल.

दुसरी, चिठ्ठी. ती जशीच्या तशी इथे उतरवून ठेवतो.

‘दादा, सर्व्हर जळलेला नाही. हिरवी खूण माझ्या इथेही दिसते. पहिल्या दिवसापासून दिसते, आणि तू फोनवर बोलत होतास तेव्हाही दिसत होती. बाईंचा पॅटर्न केला आहे. टाचेला दोन इंच दे, चवड्याखाली सव्वा, बोटांखाली पाऊण. सरसकट दोन दिलेस तर त्या अडखळतील. मी फेब्रुवारीपासून इथे पोहण्याच्या तलावावर नोकरी करतो. दारात कॉम्प्युटर घेऊन बसायचं आणि पास बघायचे. दिवसभर उघडी पावलं समोरून जातात आणि मला एकही मोजावं लागत नाही. तुला सांगावं म्हणून दर वेळी फोन उचलायचो, तर तू आधी विचारायचास, कनेक्ट झालं का. मला वाटायचं, मी नाही नाही म्हणत राहिलो तर तुझ्या लक्षात येईल. हा एवढा शेवटचा. रागावू नकोस.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खूण आली की दोन्हीकडे सगळं जुळलं, हे सहा मार्चलाच या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. महिनाभर आम्ही दोघं भाऊ दोन टोकांना बसून एकच खूण बघत होतो आणि एकमेकांना सांगत होतो की काही लागत नाहीये.

हिला वाचून दाखवलं. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "उत्तर लिहा."

फोन करतो म्हटलं. "नको," म्हणाली, "फोनवर तुम्ही सांगत सुटता."

मग त्याच फाइलीत त्याच्या मजकुराखाली लिहायला बसलो. एक ओळ लिहायला तासभर गेला. आधी लिहिलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. पुसलं. मग लिहिलं, तू कळवायला हवं होतंस. तेही पुसलं. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, म्हणजे तो हे सगळं बघत असणार, असं मधेच वाटलं आणि हात मागे घेतला. शेवटी जे खरंच विचारायचं होतं ते विचारलं.

‘पॅटर्न मिळाला. फार चांगला आहे. राग नाही. वडील गेले तेव्हा तुला काय करायचं होतं? मी तुला विचारलंच नव्हतं.’

हिरवी खूण आली. मी उठलो, चामडं काढलं, भिजत घातलं, परत येऊन बघितलं. काही नाही. तो कामावर असणार, दारात. ही म्हणाली, जेवून घ्या. जेवलो.

दोन वाजता उघडली तेव्हा माझ्या ओळीखाली त्याची एक ओळ आलेली होती.

‘आता आठवत नाही दादा.’

मी ती वाचून तशीच उघडी ठेवली. मग बाईंच्या बुटाचा तळवा कापायला घेतला, टाचेला दोन, चवड्याखाली सव्वा, बोटांखाली पाऊण.